रूम आहे का, भाऊ?

वाशिमात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. शहरात नवा भाडेकरू आला, की कुलूप, बादली अन् कपडे वाळू घालायची दोरी घ्यायला माझ्याकडे येतो. ज्याला रूम मिळाली नाही, तोही येतो, "भाऊ, कुठं रूम आहे का?" विचारायला. त्यामुळे माझ्या दुकानात खिळ्यांपेक्षा किस्सेच जास्त!

खेड्यांतले लोक पोरांच्या शिक्षणासाठी येऊन राह्यले, बदलीवाले साहेब येऊन राह्यले, फरशीवाले तर पार बिहारहून येऊन राह्यले. घरं मात्र तेवढीच! एका मालकानं 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी रंगवायला टाकली. संध्याकाळी पाहतो तर पाटी कोरीच.

पेंटर म्हणे, "लिहून काय करता? मीच येतो ना राहाले!"

*

गोदाकाकूंचा नियम कडक. रूम फक्त फॅमिलीले! एक बिनलग्नाचा क्लार्क कारंज्याहून आईला घेऊन आला. काकू खूश, रूम दिली. दुसऱ्याच दिवशी आई एसटीत बसून परत!

काकूंनी त्याला अंगणातच गाठलं, "काहून रे, तुही फॅमिली कुठी गेली?"

"माय गेली, मावशी हाय ना इथं!" तो काकूंकडे पाहून म्हणाला.

आता काकू त्याला विचारून भाजी करतात.

*

पुण्याहून बदलून आलेले एक साहेब दुकानात आले. एक घरमालक तिथंच बसलेले. साहेबांनी विचारलं, "एखादी प्रशस्त, हवेशीर सदनिका मिळू शकेल का?"

मालक नुसतेच पाहत राहिले. शेजारी बिहारचा फरशीवाला रामप्रवेश उभा होता. तो म्हणाला, "काका, साहेबाले मोठी, हवा येनारी रूम पाह्यजे म्हंते."

मालकांनी रामप्रवेशलाच हळूच विचारलं, "पन मानूस कुठचा हाय बाप्पा? बाहेरच्याले मी रूम देत नाही!"

*

रिटायर्ड वसंत सरांनी आधी मागची खोली भाड्यानं दिली. मग हॉल क्लासच्या मुलींना दिला. मग बेडरूम एका मंगरूळपीरच्या जोडप्याला. परवा दुकानात आले, "एखादी बारकी रूम पाह्य ना."

"कोणासाठी, सर?"

"मायासाठीच! घरात जागा कुठी राह्यली?"

*

आता बापूसाहेबांचं ऐका. नव्यानं आलेल्या एका नर्स मॅडमला मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन गेलो. रूम रिकामी, दार उघडं, मॅडमना पसंतही पडली. बापूसाहेबांनी आडनाव विचारलं. मॅडमनी सांगितलं. मग बापूसाहेबांची नजर त्यांच्या किल्लीच्या छल्ल्यावर गेली. छल्ल्याला बुद्धाची छोटी मूर्ती होती.

"अरे हो," बापूसाहेब म्हणाले, "ही रूम तं कालच गेली."

अशी 'कालच गेलेली' ही मॅडमची तिसरी रूम. मला तर मान वर करवेना. आम्ही फाटकाबाहेर पडलो, तोच मागून बापूसाहेबांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा आवाज आला. हात पिठाचे, पायात चप्पल नाही.

"ओ मॅडम, थांबा! काल आमी दोघंबी लग्नाले गेलो होतो. घराले कुलूप. रूम कोनाले देली याइनं, कुलपाले?"

सारी गल्ली पाहू लागली. बापूसाहेब दारातूनच खेकसले, "सुमन, घरात चाल!"

काकूंनी रूमची किल्ली मॅडमच्या हातावर ठेवली.

मॅडम संकोचल्या, "काकू, पण काकांना चालणार नाही…"

"त्याइचं तुमी टेन्शन घेऊ नका," काकू म्हणाल्या, "घर माया बापानं माया नावावर करून देलं. हे बी भाडेकरूच हायेत!"