कासऱ्याला बांधलेली लाल मोटर

हां, तर लाल मोटर ओढ्याचा चढ चढत होती, तिथवर आपण काल आलो होतो, आणि नागोरावनं नुकताच दुसरा गिअर टाकला होता. इथंच तो चुकला. गाडीवाट म्हणजे दोन बाजूंना चाकोऱ्या आणि मधोमध गवताचा उंचवटा. बैलगाडीचं पोट कंबरेइतकं उंच, तिला त्या उंचवट्याचं काय? ही मोटर पडली स्पोर्टची, दोन दारांची, बसलेल्या म्हशीइतकी बुटकी. उंचवट्यात एक दगड बैलांच्या खुरांनी उघडा पडलेला होता. खालून कर्रर्र झालं, मग खाडकन काहीतरी तुटलं, आणि इतका वेळ मांजरासारखी गुरगुरत आलेली मोटर अशी डरकाळली, की चिंचेवरचे बगळे उडाले.

नागोराव उतरला आणि चिखलात आडवा होऊन खाली पाहू लागला. सायलेन्सर पुढच्या जोडातून निखळला होता आणि त्याच्या नळकांड्याला शिवणीवर वीतभर चीर गेली होती. त्यानं कुंपणाची तार काढून तो कसाबसा टांगला. टांगताना दोन बोटं भाजली. पण बोटांकडे पाहायला त्याला सवड कुठं होती?

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. नागोराव म्हणजे तामसीच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या मारोतीचा एकुलता एक. सरकारी दोन रुपये किलोच्या तांदळाचे दिवस होते ते. पोरगा आदिलाबादला जिनिंगवर कापसाची हमाली करायला गेला, तिथंच ट्रक शिकला आणि होता होता शेठच्या घरचा ड्रायव्हर झाला. फाटकाजवळची खोली मिळाली. बायको सुभद्रा आणि दोन लेकरं तिथंच राहत. ही लाल मोटर शेठच्या धाकट्या भावानं परदेशातून आणवली होती आणि महिनाभरात तिला कंटाळला होता. ती कापडाखाली झाकलेली असे. शेठ गावाला गेले की सांगून जात, बॅटरी उतरू नये म्हणून शेजारच्या मावळा गावापर्यंत नेऊन आण, पुढं नाही. आधीच्या ड्रायव्हरनं तिचा मागचा कोपरा फाटकाला घासला, तर त्याच दिवशी त्याची वळकटी फाटकाबाहेर पडली होती. नोकरी गेली की खोलीही गेली, असा तिथला हिशेब. नागोरावला हे पक्कं ठाऊक होतं. तरी शेठ नागपूरला गेले असताना, ऐन पोळ्याच्या दिवशी, मावळ्याकडे जायचं सोडून त्यानं मोटर गावाकडे वळवली. शेठ दिवेलागणीच्या गाडीनं परतणार होते. तोवर जाऊन येऊ, असं त्याला वाटलं होतं. कशासाठी जाऊन येऊ, तेही सांगतो, पण आधी त्याला गावात तर येऊ द्या.

गावात काय चाललं होतं? वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलेलं, बैलांच्या जोड्या ओळीनं उभ्या, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचा आवाज टिपेला गेलेला. तेवढ्यात ओळीच्या मागून ही मोटर गर्जत आली. व्यंकटराव पटेल म्हणजे आमच्या गावचे पाटील, त्यांच्या मानाच्या बैलानं कासरा हिसडला. त्याच्या मागचे दोन बैल तोंड फिरवून थेट तुरीत घुसले, आणि एका झुलीत पाय अडकून झडत्या म्हणणारा गडी पालथा पडला. सगळं गाव हातवारे करत मोटरवर धावलं. नागोरावनं किल्ली फिरवली आणि तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला.

उतरल्यावर लोकांनी त्याला ओळखलं आणि राग निम्मा झाला. उरलेला निम्मा चेष्टेवर गेला. कुणी विचारलं, हा गोऱ्हा किती दाती? कुणी म्हणालं, वशिंड कुठं विसरलास? नागोराव सरळ हणमंतराव मिस्त्रीच्या दारात गेला.

गॅसचं वेल्डिंग त्या भागात एकट्या मिस्त्रीकडे होतं. तेलाची इंजिनं, नांगराचे फाळ, बसस्टँडवरचं बाकडं, सगळं तोच जोडायचा. पण दारात जाऊन नागोराव पाहतो तर गॅसची टाकी धुऊन पुसून पाटावर बसवलेली, तिच्या गळ्यात झेंडूचा हार आणि पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. त्यानं सगळं सांगितलं, शेठ, फाटक, वळकटी, सुभद्रा, लेकरं. मिस्त्रीनं मन लावून ऐकलं, दोनदा हळहळला आणि म्हणाला की पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नाही, तसा आमच्या घरी भट्टीला जाळ नाही. उद्या उजाडताच जोडून देतो, पैसाही घेणार नाही.

नागोराव म्हणाला, उद्या मी ड्रायव्हर नसेन. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जाळ काही आला नाही.

एरवी मोटर अडली तर कुणीही बैलजोडी जुंपून ती थेट आदिलाबादच्या सडकेला लावून दिली असती. आज बैल जुंपायचं नाव काढलं असतं तर लोकांनी नागोरावलाच जुंपलं असतं. ट्रॅक्टर तेव्हा गावात एकही नव्हता. म्हणजे बघा, गावात पन्नास माणसं मदतीला तयार, सगळ्यांचा जीव त्याच्यासाठी तुटतो आहे, जो तो हातात पोळी देतो आहे, आणि मदत मात्र कुणालाच करता येत नाही.

एवढ्यात म्हातारा मारोती आला. पोराचं तोंड पाहायच्या आधी तो मोटरकडे गेला. बैल पारखतात तशी त्यानं एक फेरी मारली, मागं थोपटलं आणि तापलेल्या बॉनेटवर तळहात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा. मग डोक्याचा पटका नीट करून त्यानं पटेलांना विचारलं, हा आमचा ओळीत शेवटी उभा केला तर चालेल का?

आता सांगतो नागोराव कशासाठी आला होता ते. मारोती उभा जन्म पटेलांकडे सालगडी होता. पटेलांच्या बैलांना पोळ्याच्या पहाटे नदीवर तो धुवायचा, खांदे तूप-हळदीनं तोच शेकायचा, शिंगं तोच रंगवायचा. कासरा धरून बैल तोरणापर्यंत तोच आणायचा. आणि तोरण दोन पावलांवर आलं की कासरा पटेलांच्या हातात द्यायचा. तोरणाखालून बैल न्यायचा तो धन्यानं, ही रीत. मारोती मग बाजूला होऊन माणसांत उभा राहायचा. लहानपणी नागोराव बापाशेजारी उभा असायचा, आणि त्याला बापाचे मोकळे झालेले हात दिसायचे. ते हात कुठं ठेवावेत हे म्हाताऱ्याला दर पोळ्याला नव्यानं सुचत नसे. यंदा मोटर दारात उभी करू, बा पाहील, हात फिरवील, दोन घास तिच्यापुढं ठेवील, तेवढं पाहून परत जाऊ, इतकंच त्याच्या मनात होतं. ओळीत उभी करायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पण पटेल हसून हो म्हणून बसले. पटेलकी सरकारनं काढून घेतली होती, पोळ्याचा मान काढायला मात्र अजून कुणी आलं नव्हतं, आणि त्या दिवशी पटेल खुशीत होते. शिवाय मोटर गल्लीत आडवी अडकलेली, पुढं काढायची तर वाट तोरणाखालूनच होती. इंजिन चालू करायची सोय नव्हती. मग पोरांनी मागून खांदा लावला, नागोराव आत स्टेअरिंग धरून बसला, आणि मारोतीनं घरून आणलेला नवा कासरा पुढच्या लोखंडाला बांधला आणि तो पुढं चालू लागला. काचेतून नागोरावला बापाची पाठ दिसत होती. आभाळाकडे पाहावं तर सूर्य कललेला, बापाकडे पाहावं तर त्याला घाई कर म्हणायची जीभ होत नव्हती.

तोरण दोन पावलांवर आलं. पटेल तिथंच उभे होते. इतक्या वर्षांची सवय, त्यांचा हात आपोआप पुढं आला. मारोतीचाही हात आपोआप कासऱ्यासकट वर उठला आणि तसाच राहिला. पटेलांना आपला हात दिसला, त्यांनी तो मागं घेतला आणि म्हणाले, "ने मारोती. आज तुहाच हाय."

नागोरावला म्हणावंसं वाटलं, पटेल, शेठचा आहे. पण त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला. मोटर तोरणाखालून गेली, चार पानं तुटून टपावर पडली आणि पोळा फुटला.

आता सायलेन्सर. मिस्त्रीलाही गप्प बसवत नव्हतं. तो म्हणाला, जाळ नाही म्हटलं मी, पत्रा कापायला जाळ कुठं लागतो? पण मोटरखाली शिरायचं कसं? जमिनीत आणि तिच्या पोटात मांजरीलाही वाट नव्हती. शेवटी खताच्या खड्ड्यावर दोन लाकडी फळ्या टाकल्या आणि मोटर ढकलत त्यांच्यावर नेली. खड्ड्यात पावसाचं पाणी आणि शेण गुडघाभर. मिस्त्री सणाच्या धोतरासकट आत उतरला, मागोमाग नागोराव.

घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून मिस्त्रीनं फुटलेल्या नळकांड्यावर गुंडाळला. इंजिनाच्या सायलेन्सरला लावतात ती पांढरी दोरी चिरेवर भरली, वरून चिकणमाती लिंपली आणि तार पकडीनं पिळून आवळली. जोडाच्या जागी तर धरायलाच काही उरलं नव्हतं. तिथं सायकलच्या सीटखालचा पट्टा लावला. लावता लावता मिस्त्री स्वतःवरच चिडत होता.

"दोन टाके गॅसचे मारले असते, तर दहा वर्सं पाहा लागत नव्हतं."

"मंग मारा ना, मिस्त्री. कोन अडवून राह्यलं तुमाले?"

"माहा बाप."

"तुमचा बाप तर वारला."

"म्हणून तं अडवते. जिता असता तं भांडलो असतो."

नागोरावनं मान वर केली. त्याचा स्वतःचा बाप वर उभा होता.

खड्ड्याबाहेर येऊन नागोरावनं किल्ली फिरवली. लांबच्या मळ्यात तेलाचं इंजिन चालावं तसा आवाज आला. बैलांनी कान हलवले, पण कुणी बुजला नाही. लोक खूश झाले. मिस्त्री म्हणाला, हळू नेशील तर ओढा ओलांडशील, पुढची हमी मी घेत नाही.

घासलेटचा बोळा घेऊन हात पुसत नागोराव पलीकडच्या बाजूला गेला, आणि तिथंच थांबला. लाल दारावर हिरवागार पंजा उठलेला होता. पाची बोटं, मधलं जरा वाकडं. ते मारोतीचं बोट, बैलाच्या पायाखाली आलेलं. बैलाच्या पुठ्ठ्यावर गेरूचा ठसा उमटवतात ना, तसा म्हाताऱ्यानं उमटवला होता. आधी गेरूचाच उमटवला होता, पण लालावर लाल दिसेना, म्हणून शिंगं रंगवायच्या तेलाच्या रंगात त्यानं हात बुडवला.

रंग अजून ओला होता. बोळा नागोरावच्या हातातच होता. एकदा फिरवला असता तर निघाला असता, उशिरा मात्र मोटरची कातडी गेल्याशिवाय निघणार नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? त्यानं हात वर केला. पलीकडे मारोती जमलेल्या बायांना सांगत होता की याला पेंड लागत नाही, कडबा लागत नाही, तरी पोळी मात्र पुढं ठेवावी लागते, सण आहे. बोलताना त्याचा हिरवा हात हवेत फिरत होता. धुवायला पाणी पुढं केलं तरी धूत नव्हता. नागोरावनं बोळा खिशात घातला. घासलेटनं पँट भिजली तेही त्याला उशिरा समजलं.

ओढा ओलांडेपर्यंत पत्र्यानं साथ दिली. सडकेला लागल्यावर माती भाजून तडकू लागली. नागोरावनं मोटर इतकी हळू घेतली, की तामसीच्या बसनं मागून येऊन हॉर्न दिला आणि ड्रायव्हर तेलुगूत काहीतरी बोलून हसत पुढं गेला. वाटेत तो खोटं घोटत होता. मावळ्याच्या रस्त्यावर ट्रकमधून दगड पडला. दगडावरून गाडी गेली. सायलेन्सरचं त्यात भागत होतं. पंजाचं काय? पोरांनी खोडी केली म्हणावं, तर पोरांचा पंजा एवढा मोठा नसतो.

रेल्वे फाटकाच्या रुळांवर चाकं आदळली, तेव्हा पट्टा सुटला, पत्रा मागं घरंगळला आणि मोटर पुन्हा डरकाळली. त्या आवाजानिशी तो अख्खा बाजार ओलांडून गेला. दुकानदार ओट्यावर येऊन पाहत होते. ज्या मोटरची कुणाला खबर लागू नये, तिची खबर ती स्वतःच गल्लोगल्ली देत चालली होती, आणि ती बंद करून ढकलत न्यावी तर ढकलायला माणूस नव्हता.

जिनिंगच्या फाटकात शेठ उभे होते. नागपूरची गाडी आज वेळेवर आलेली. खोलीच्या दारात सुभद्रा, पदर तोंडात धरून. नागोरावनं मोटर उभी केली, किल्ली काढली, आणि इतकं शांत झालं की गरम नळीचं टिकटिकणं ऐकू येऊ लागलं.

शेठ आधी मागं गेले, वाकून पाहिलं. मग दाराशी आले. हिरव्या पंजावर त्यांनी बोट ठेवलं, बोटाला रंग लागला नाही. त्यांनी नागोरावकडे पाहिलं, त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या शेणाकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "गाडी कहाँ ले गया था?"

शेठशी नागोराव कायम हिंदीत बोले. घोटलेलं खोटंही हिंदीतच होतं. त्यानं तोंड उघडलं, तर ते काही बाहेर येईना. मग तो जे बोलला, ते शब्दाला शब्द असं:

"पोळ्याले नेली होती, शेठ. आमच्या घरी कधी बैल नव्हता."