हयफाचा मोडका लॅपटॉप आणि चारशे तेरा लग्नं

आमच्या इमारतीत हयफाला सगळे ‘सेंट्रल’ म्हणतात. त्रिपोलीच्या टेलिफोन कचेरीत तिने अठ्ठावीस वर्षं लाइनी जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर इमारतीतली भांडलेली माणसं जोडायला घेतली. ती पाचव्या मजल्यावर, मी चौथ्यावर. इतक्या वर्षांच्या शेजारात तिने माझं एकदाही ऐकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

फेब्रुवारीत एका सकाळी ती काखेत लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली. तिची लेक लमीस माँट्रियलला जाताना टाकून गेलेला. एक बिजागरी तुटलेली, दोन बटणं गायब.

“याचा सर्व्हर करणार आहे,” ती म्हणाली.

“काय करणार?”

“सर्व्हर गं! फाइलींचं कपाट. एकदा आत ठेवलं की इमारतीतल्या कुणीही आपापल्या फोनवरून उघडून बघायचं.”

“हयफा, भंगारवाला आत्ताच गेलाय. बोलावू का परत?”

“तुझ्या नवऱ्याला बोलाव, तो सकाळपासून ब्रेड आणायला गेलाय. आणि याला बॅटरी आहे, कळलं? दुकानातल्या नव्या सर्व्हरच्या डब्यांना कुठे असते? वीज गेली की ते मेले. हा मरणार नाही.”

आमच्या गावात सरकारी वीज तासाभराचीच पाहुणी. मी कॉफी ठेवली.

कपाटात ठेवायची होती मुनीरची लग्नं. मुनीर तिचा नवरा, आमच्या मीना भागातला लग्नांचा व्हिडिओवाला. चौतीस वर्षांत चारशे तेरा लग्नं काढली, कॅसेटवरून सगळी एका छोट्या डिस्कवर उतरवली आणि दोन वर्षांपूर्वी गेला. दुसरी प्रत कुठेच नाही. आणि आता ती डिस्क टकटक करायला लागली होती. दुरुस्तीवाल्याने कानाला लावून सांगितलं होतं, “मावशी, एकदा फिरेल. मध्येच थांबली तर आशा सोडा.”

तीन आठवडे हयफाने जगाकडे पाठ फिरवली. साखरेच्या बरणीला फोन टेकवून व्हिडिओ बघायची, वहीत उतरवून घ्यायची. लॅपटॉप धुऊनपुसून तिने त्यात लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली, पोटात मोठी डिस्क बसवून घेतली. पहिल्यांदा झाकण मिटलं तर पठ्ठ्या झोपीच गेला! मग झाकण मिटलं तरी जागं राहायचं, अशी तंबी तिने सेटिंगमध्ये लिहिली. चाचणी म्हणून वांग्याच्या लोणच्याची कृती आत ठेवली आणि ती माझ्या फोनवर, माझ्या स्वयंपाकघरात उघडली. मी अशी किंचाळले की नवऱ्याला वाटलं भाजलंच मला.

शनिवारी दुपारी खरी उतरवणी. दोन तासांचं काम. मी आणि हयफाची नणंद वफीका पडद्यासमोर ठाण मांडून बसलो. एकसष्ट टक्के झाले आणि फ्रिज गप्प झाला. वीज गेली.

लॅपटॉप? हललासुद्धा नाही! आकडे आपले पुढे चाललेले. हयफाने टेबलावर थाप मारली. “बघितलंस? बघितलंस माझा वाघ?”

अर्ध्या-पाऊण तासाने गल्लीतली मोटर, म्हणजे वर्गणीचा जनरेटर, धडधडली, जिन्यातून कुणीतरी ओरडलं, “आली!” आणि आमच्याकडेच होऊ शकतं ते झालं. “आली” ऐकलं की आमचे हात डोक्याला विचारत नाहीत. वफीका तरातरा उठली आणि तिने कपड्यांचं मशीन लावलं.

मोटरवर घराला जेमतेम पाच अँपिअर मिळतात, त्यावर मशीन चालत नाही. खटकन सगळं बंद.

“वफीका!” हयफा ओरडली. “तुझे हात बांधून ठेवायला हवेत गं!”

“सवय आहे!” वफीका रडवेली झाली. “हात आपोआप गेला!”

त्र्याण्णव टक्के. जुन्या बॅटरीत सहा मिनिटं. घराचं पडलेलं विजेचं बटण तळमजल्यावरच्या पेटीत, लिफ्ट बंद. मी चप्पल न घालता सुटले. साठीच्या गुडघ्यांनी पाच मजले उतरले, काय ठाऊक कशी. बटण वर केलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, “कुणीही काही लावू नका!”

सगळ्या मजल्यांवरून उत्तर आलं, “नाही लावत!”

धापा टाकत वर पोचले तेव्हा वफीका हात पाठीमागे धरून भिंतीशी उभी होती. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. चारशे तेरा! आम्ही तिघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. जुनी डिस्क दोनदा टकटकली आणि बंद पडली, ती कायमची.

तासाभरात इमारतीतले सगळे फोन जोडले गेले. उकाडा नव्हता तरी सगळ्यांची दारं उघडी, जिन्यात सगळ्या मजल्यांवरच्या लग्नांचे ढोल एकत्र. मी माझं लग्न उघडलं. काय कंबर होती माझी! एवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला, “नवरीबाई, इकडे! हसा, हसायला वीज लागत नाही!”

मुनीर. एकाही फिल्ममध्ये न दिसणारा मुनीर. पहिल्या मजल्यावरून तोच आवाज, तिसऱ्यावरूनही. मी फोन घेऊन जिन्यात आले. वर कठड्याला धरून हयफा उभी होती, हलत नव्हती. कचेरी सुटल्यावरच्या तिच्या सगळ्या संध्याकाळी लग्नांत त्याच्या कॅमेऱ्याशेजारी गेल्या, हे मी विसरलेच होते.

माझ्या फोनमधून तो वैतागून ओरडला, “हयफा, दिवा वर धर ना!”

“धरलाय की!” जिन्यातून हयफा ओरडली.