मिसळ, पाटी आणि बाहेरचा बाक

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन नेहमीच्या हॉटेलात मिसळ खायला गेलो. आईला दमा आहे. शेजारच्या टेबलावर चौघं सिगारेट ओढत होते, तेही 'धूम्रपान निषिद्ध' या पाटीखाली.

मालकाला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "दादा, ते चौघं रोजचे. तुम्हीच बाहेर बसता का जरा?"

भांडायचं त्राण नव्हतं. ताटल्या उचलून बाहेरच्या बाकावर आलो. तिथे एक म्हातारे बाबा बिडी ओढत होते. आईचा खोकला ऐकून त्यांनी ती लगेच विझवली. "खाऊन घ्या आधी. मी मंग वढतो."

ओढायची हक्काची जागा खरं तर त्यांचीच होती. तीही आम्ही घेतली.

पाटी वाचणारे आम्ही तिघं बाहेर, आणि पाटी आत. तुमच्याकडेही असंच चालतं का?