चिठ्ठीवाल्यांची शाळा

प्लेगाच्या साली आमचे सगळे गाव शेतात राहत होते. घरात उंदीर मरून पडू लागले की दारे ओढून घ्यायची आणि शेतात कुडाच्या झोपड्या घालायच्या, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. आणि अशा ओस गावात, धान्याच्या कोठाराला लागून असलेल्या शाळेत, पोरे परत बसवायचे आम्ही शहाण्यांनी ठरवले. ते आठवले की आजही माझे डोके फिरते. सगळ्यांत जास्त स्वतःवर फिरते.

मास्तरांचे म्हणणे होते की शाळा बंद राहिली तर चौथीची परीक्षा होणार नाही, पोरांचे वर्ष जाईल. खळ्यावर बैठक बसली. तोड मी काढली. भोकरदनच्या दवाखान्यात प्लेगाची सुई देत होते. ज्याच्याकडे सुईची चिठ्ठी, त्यालाच शाळेत घ्यायचे. सुई घेतल्यावर धोका कमी होतो, हे मी डॉक्टरांना विचारून आलो होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मुलाची चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशातच होती.

पटावर एकतीस पोरे. शाळा उघडली तेव्हा आली एकोणीस. उरलेल्या बारांचे आईबाप बेफिकीर आहेत, असे मी चारचौघांत बोललो.

आमच्या शेतात कापूस वेचायला एक विधवा बाई येत असे. तिची मुलगी चौथीत होती, हिशेबात माझ्या मुलाच्या पुढे. माझे बोलणे त्या बाईच्या कानावर गेले होते. वेचणी न थांबवता ती म्हणाली, "दादा, तुमचा नियम लई चांगला हाय. पर भोकरदनला जायचं, दिवसभर ओळीत बसायचं, मंग पोरीला दोन दिस ताप. मी तिच्यापाशी बसल्यावर वेचणी कोन करंल? तुमी?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमच्या बैठकीत मला कुनी बोलावल्तं?"

शेजारची बाई हसली. "अगं, दादाला आकडे समजत्यात. बाया न्हाई समजत."

आधी मला त्या दोघींचाच राग आला. मग मी झोपड्या-झोपड्यांतून फिरलो. बारांपैकी एकाही घरी बैलगाडी नव्हती. एकोणिसांच्या प्रत्येक घरी होती. हा आकडा मी बैठकीच्या आधी काढायला हवा होता.

मास्तरांना म्हणालो, "शाळा शेतात भरवा. झाडाखाली सगळी बसतील. सगळं गाव बाहेर झोपतंय आणि पोरं तेवढी उंदरांच्या शेजारी कशाला?"

"शेतातली हाजिरी तपासनीत धरत न्हाईत. अन् चिठ्ठीचा नियम तुमचाच. तवा बराबर व्हता."

"चुकला माझा."

"पोराला चिठ्ठी भेटल्यावर चुकला व्हय?"

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. दोन खेपांत बाराही पोरांना भोकरदनला नेऊन सुई टोचून आणले. त्या बाईच्या वाट्याची वेचणी दोन दिवस माझ्या घरच्यांनी केली. ताप उतरल्यावर पोरे चिठ्ठ्या घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी हाजिरीचे पुस्तक उघडले.

"पंधरा दिवस गैरहजर. नावं कमी केली. नव्या साली या, बिलकुल घेतो."

मी तिथे ओरडलो, तहसिलीत जाऊन ओरडलो. कारकुनाने कायदा वाचून दाखवला. परीक्षा एकोणिसांची झाली. त्यांतले कोणी आजारी पडले नाही, हे खरे. शाळा उघडल्याने एकाही मुलाचे नुकसान झाले नाही, असे मास्तरांनी तपासणीसाठी लिहिले आणि मला मोठ्या ऐटीत वाचून दाखवले.

"बारा पोरं कुठं लिहिलीत?" मी विचारले.

"पटावरच न्हाईत, तर लिहू कुठं?"

पावसाळ्यात नवे साल सुरू झाले. मी त्या बाईकडे गेलो. ती खुरपत होती, मुलगी तिच्या शेजारच्या ओळीत. म्हणालो, मास्तर नाव परत घालायला तयार आहेत, चौथीतच.

"गेल्या साली चौथी, औंदा बी चौथी," बाई म्हणाली. "आता ती बाईच्या बरोबरीनं खुरपून राह्यली, दादा. तिला परत तिथंच बसवून मी काय खाऊ?"

मी मुलीकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. खुरपत खुरपत ती माझ्या पायांपाशी आली आणि थांबली.

"दादा, सरका," ती म्हणाली. "वळीत हुभे राह्यलात."

मी सरकलो.