अंबक्काच्या सिनेमात कुणी मरत नाही

अंबक्काची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि त्या भांडणात माझं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

वेळापूरहून माझी सोलापूरच्या शाळेत बदली झाली, तेव्हा पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका घराच्या माडीवर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. खाली मोठं अंगण होतं. दुपारी त्या अंगणात गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसत. एका शनिवारी सकाळची शाळा आटपून मी जिना चढत होते, तर खाली एक खणखणीत आवाज सिनेमाची गोष्ट सांगत होता. तो सिनेमा मी आदल्याच रविवारी पाहिला होता. शेवटी नायक दवाखान्यात जीव सोडतो, आणि त्या प्रसंगाला मी माझा रुमाल संपवून नवऱ्याचाही भिजवला होता. इथं मात्र नायकानं डोळे उघडले आणि आईला विचारलं, "भाकरी हाय का?"

मी पडले मास्तरीण. चुकीचं उत्तर ऐकून गप्प पुढं जाणं मला जमत नाही. जिन्यातूनच ओरडले, "अहो, तो मरतो शेवटी!"

विडीची पानं कापणाऱ्या सगळ्या कात्र्या थांबल्या. सांगणाऱ्या बाईनं मानसुद्धा वर केली नाही. हातातल्या विडीला दोरा गुंडाळत ती म्हणाली, "तुमच्या टॉकीजात मेला आसंल, बाई. आमच्या हितं जगला."

कोपऱ्यात बसलेल्या बुज्जम्मानं, म्हणजे त्या घोळक्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, काळजीनं विचारलं, "मग लगीन झालं का न्हाय त्याचं?"

"झालं की! तुलाच जेवायला बोलावलं न्हाय."

सगळ्या खो खो हसल्या आणि मी माझी पिशवी सावरत वर गेले. ही अंबक्का.

ठेंगणी, गोल चेहऱ्याची, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. हे कुंकू ज्याच्या नावाचं, तो नवरा लग्नानंतर वर्षभरात लूमवर कामाला म्हणून भिवंडीला गेला तो तिकडचाच झाला. कुणी चौकशी केलीच तर अंबक्का म्हणे, "इंटरवलला गेलाय. आजून आला न्हाय." घरात बोलायची भाषा तेलुगू, अंगणातली मराठी, आणि भांडायची दोन्ही. गोष्ट सांगताना कुणी मध्ये बोललं की ती "सरे, सरे" म्हणून पुढं जाई. सरे म्हणजे बरं, ठीक आहे. अर्थ हा असला, तरी सूर 'आता तोंड बंद कर' असा असे.

आता प्रत्येकीच्या घरात टीव्ही आणि कमरेला मोबाइल असताना सिनेमा कुणाच्या तोंडून ऐकायची काय गरज, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण विडी वळणाऱ्या बाईचे डोळे पानावर असतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. यात पडद्याकडे बघायला फुरसत नाही. कान तेवढे मोकळे. त्या मोकळ्या कानांत अंबक्का रोज दुपारी एक सिनेमा ओतत असे. रात्री भाकऱ्या झाल्यावर ती तो मोबाइलवर बघायची आणि अर्ध्यात झोपायची. झोपेत गेलेला भाग दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पदरचा घालायची. खरं सांगते, कित्येक सिनेमांत तोच भाग बरा असे.

तिच्या सिनेमांचा सगळा मुलूख सोलापूरचा. नायिकेची साडी नव्या पेठेतून यायची. खलनायक होटगी रोडला बंगल्यात राहायचा. लंडनला निघालेल्या मुलाला आई शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची, आणि तो पुणे नाक्यावरून एसटी पकडायचा. तुळजापूर रोड, विजापूर रोड, हैदराबाद रोड, सगळ्या रस्त्यांनी तिची माणसं जात. अक्कलकोटच्या रस्त्याला मात्र कुणी लागत नसे. हे माझ्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

आणि तिच्या सिनेमात कुणी मरत नसे. गोळी लागायची ती दंडाला. बुडालेला माणूस पुढच्या गावाला काठावर सापडायचा. मी एकदा माडीवरून खाली येऊन, रीतसर मांडी घालून बसून तिला याचा जाब विचारला. तिनं सरळ हिशेब सांगितला.

"बाई, माणूस मेलं की बायकांचा हात थांबतो. डोळं पुसत बसत्यात. हात थांबला की दिसाची हजार विडी व्हत न्हाय. मग रातच्याला घरी शिव्या कोन खानार, तो हिरो?"

हे मला पटलं. इतकं पटलं की शाळेत मी हा किस्सा सांगत सुटले.

आमच्या खालीच राहणाऱ्या अंबक्काच्या घरात दुसरं माणूस एकच होतं. तिच्या धाकट्या भावाची मुलगी, श्रावणी. हा भाऊ, श्रीनू, आणि त्याची बायको मोटारसायकलच्या अपघातात गेले, तेव्हा श्रावणी दुपट्यातली होती. अंबक्कानं तिला मांडीवर सुपाशेजारी झोपवून वाढवलं. आम्ही राहायला आलो तेव्हा ती आठवीत होती. शिंगरासारखी उंच आणि आत्यावर दादागिरी करणारी. "अत्तम्मा, गोळी घेतली का? अत्तम्मा, चष्मा कुठंय?" अत्तम्मा म्हणजे त्यांच्यात आत्या. अंबक्का तिला घाबरायची आणि त्यात तिला मोठं सुख होतं.

मी अंबक्काला सिनेमाला चला म्हणून किती वेळा म्हटलं असेल. इतकी सिनेमावेडी बाई, पण टॉकीजची पायरी चढायला तयार नाही. कधी गुडघा, कधी एसीची थंडी, कधी "तितं हात रिकामा ऱ्हातो, मला करमत न्हाय." श्रावणी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती त्या उन्हाळ्यात मी फारच मागं लागले. अंबक्का दुसऱ्या दिवसाच्या पानांवर पाणी शिंपडत होती. ओल्या पानांवर गोणपाट घालून ती माझ्यासमोर बसली आणि, नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे, हळू म्हणाली,

"श्रीनू माझ्यापरीस सिनेमावेडा हुता, बाई. बायकोला घिऊन मैंदर्गीला सासरी गेल्ता. ऊन लई, म्हून पोरीला माझ्यापाशी ठिवलं. मी हितं तिगांची तिकिटं काढली. मैंदर्गीच्या दुकानात फोन लावून त्याला बोलवून घेटलं. म्हनलं, सा वाजताचा खेळ हाय, जेवत बसू नको, लवकर नीघ." तिनं गोणपाटाची कड नीट केली. "निघाला की. माझं कवा मोडलं न्हाय त्यानं. अक्कलकोटच्या रस्त्याला ट्रक हुता."

मी गोणपाटाची दुसरी कड ओढून धरली.

"पोरीला अपघात म्हाईत हाय. फोनचं न्हाय. कळलं तर माझ्या हातचं खाईल का वो ती?"

"खाईल की," मी म्हटलं.

"तुमी मास्तरीण. तुमाला लबाड बोलाय जमत न्हाय," अंबक्का म्हणाली आणि उठून गेली.

हजार विड्यांचा तो हिशेब मग मला वेगळा दिसायला लागला. मी शाळेत तो किस्सा सांगायचं बंद केलं. सांगून टाका, असं मी तिला दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "सांगते की. आदी तिची परीक्षा हुंदे." परीक्षा झाली. मग नोकरी लागू दे. नोकरी लागली, तीही पुण्याच्या दवाखान्यात. मग रुळू दे. अंबक्का इतरांच्या गोष्टींचे शेवट चुटकीसरशी लावायची आणि स्वतःच्या गोष्टीची सुरुवातही तिला होत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीला श्रावणी आली ती तीन तिकिटं घेऊनच. पहिल्या पगाराची. एक अत्तम्माचं, एक तिचं, एक माझं. अंबक्कानं गुडघा काढला, श्रावणीनं रिक्षा आणली. थंडी काढली, तिनं शाल काढली. नकार द्यायचा तर खरं कारण सांगावं लागणार होतं, म्हणून अंबक्का निमूट रिक्षात बसली. वाटेत माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

पोस्टरवर समुद्र आणि एक हसरं पोर होतं. मला वाटलं, हलकंफुलकं काही असेल. निघालं भलतंच. कोकणातला एक माणूस. त्याच्या हट्टापायी धाकटा भाऊ वादळात होडी घालतो आणि बुडतो. मागं भावाचं पोर, आणि ते सांभाळायचं याच माणसानं. अडीच तास तो माणूस त्या पोराच्या नजरेला नजर देत नाही. मी पडद्याकडे कमी आणि शेजारी जास्त बघत होते. अंबक्का हलली नाही. फक्त तिची बोटं मांडीवर चालू होती, नसलेलं पान वळत होती. मध्यंतरात श्रावणीनं पॉपकॉर्न आणलं. अंबक्कानं ते शेवटपर्यंत ओंजळीत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात नेहमीपेक्षा जास्त सुपं जमली. अंबक्का टॉकीजला जाऊन आली ही बातमीच होती. श्रावणीही आत्याजवळ पाय पसरून पानं कापत बसली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर. बुज्जम्मा म्हणाली, "सांग की गं, काय दावलं?"

अंबक्कानं सुरुवात केली. "दोन भावंडं हुती. थोरली भैन, धाकटा भाऊ."

मी चमकले. सिनेमात बहीण नव्हती.

"लई जीव एकमेकावर. दोगंबी सिनेमावेडी. भाऊ गेला सासरी, मैंदर्गीला." तिचे हात चालू होते, आवाजही धड होता. "भैनीनं हितं तिकिटं काढली. फोन लावला. म्हनली, जेवत बसू नको, लवकर नीघ. तो निघाला. बायकोला मागं बसवून अक्कलकोटच्या रस्त्यानं निघाला."

समुद्र नाही, होडी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या सिनेमातलं माणूस त्या रस्त्याला लागलं होतं. कात्र्या मंदावल्या. बायका वाट बघत होत्या, आता ट्रक येईल, हा उडी मारेल, दंडाला लागेल.

"मेला," अंबक्का म्हणाली. "दोगंबी मेली. तितंच."

सगळे हात थांबले. तिचाही. एवढ्या वर्षांत मी अंबक्काचा हात रिकामा पाहिला नव्हता. कुणालाही विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं होतं.

पानं कापता कापता थांबलेली श्रावणी खालीच बघत म्हणाली, "मग? त्या पोरीला कळलं का?"

"न्हाय," अंबक्का म्हणाली. "भैनीनं सांगितलंच न्हाय. भ्याली. सिनेमा तितंच संपला."

"नाही संपला," श्रावणी म्हणाली. "तू झोपलीस, अत्तम्मा. पुढचं मी बघितलंय."

श्रावणीनं कात्री सुपात ठेवली.

"त्या पोरीला आधीच म्हाईत असतंय. मैंदर्गीच्या आज्जीनं सांगितलेलं असतंय, ती दहावीत असताना. फोन आला तवा तिचा बाप ताटावर बसलेला. आज्जी म्हणाली, घास खाऊन जा. तर म्हणाला, अक्कानं तिकीट काढलंय, आता जेवण कसलं! हसत हसत उठला. आईपण हसत होती. पोरीला आईबापाचं तेवढंच म्हाईत हाय. हसत निघालेली."

अंबक्काचा पदर तोंडाशी गेला.

"मग ती पोरगी काय करती?" बुज्जम्मानं विचारलं. लग्नाचं नाही विचारलं, हे तिच्या नावावर जमा करायला हवं.

"काय करणार?" श्रावणीचा आवाज आता फाटला. "अत्तम्माच्या हातचं जेवती. रोजच्यासारखी. आधीबी जेवत हुती, म्हाईत असूनबी."

अंबक्का रडली. मोठ्यानं, तेलुगूत, भावाचं नाव घेऊन. ते रडणं वीस वर्षांचं होतं आणि त्याला वेळ लागला. त्या दुपारी कुणाचीच हजार झाली नाही, आणि रात्री घरोघरी जे काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते बायकांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी मी खाली डोकावले, तर आत्या भाकरी थापत होती आणि भाची तव्यावरची उचलून खात होती. तोंडानं दादागिरी चालूच, "मीठ कमी पडलंय, अत्तम्मा."

नव्या वर्षात श्रावणीनं पुण्यात खोली घेतली आणि आत्याला घेऊन गेली. अंबक्कानं सूप बुज्जम्माला दिलं, चटणीचा डबा मला. पुणे नाक्यावर आम्ही सगळ्या पोचवायला गेलो. एसटी लागली, तेव्हा मी म्हटलं, "अंबक्का, आता आम्हाला सिनेमा कोण सांगणार?"

"तुमी सांगा की, बाई. तुमी लई बघता." पायरीवर चढून ती वळली. "पण तुमी मानसं लई मारता."

गेल्या शनिवारची गोष्ट. शाळेतून आले, तर बायकांनी मला जिना चढूच दिला नाही. बसा म्हणाल्या, सांगा म्हणाल्या. मी बसले. नवाच सिनेमा होता, मी नीट, क्रमानं, एकही प्रसंग न गाळता सांगितला. शेवटी दवाखाना आला. नायिकेच्या आईला आत नेलेलं, बाहेर डॉक्टर मान हलवतो. सिनेमात आई जाते. मी तिथवर पोचले आणि बघितलं, सगळे हात थांबले होते. बुज्जम्मा सुपावरून माझ्याकडे बघत होती.

मी मास्तरीण आहे. चुकीचं उत्तर मला चालत नाही.

"आणि मग," मी म्हटलं, "आईनं डोळे उघडले. म्हणाली, भाकरी हाय का?"

कात्र्या पुन्हा वाजायला लागल्या.