मुन्शीचं परहेज

कुठलीही वस्तू हातात आली की काकाजी आधी ती उलटी करायचे. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, काहीही. आता पत्रिकेच्या मागे काय असणार, डोंबल? पण बघायचे. चष्मा कपाळावर चढवून, वस्तू डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, ओठ हलवत वाचायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची आपली."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळी नोकरी सचिवालयात गेलेली. वडील राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, आणि काकाजी इथेच बाबू म्हणून लागले ते बाबू म्हणूनच निवृत्त झाले. इथे सरकारी फाइलला नस्ती म्हणतात. काकाजी नस्ती नेहमी शेवटच्या पानापासून वाचायचे, कारण खरी गोम तिथे असते असं त्यांचं म्हणणं. तुलसी नगरात त्यांचं क्वार्टर आणि माझं क्वार्टर भिंतीला भिंत लावून. त्यांचं मुलाच्या नावावर, माझं माझ्या शाळेच्या नोकरीवर. मधे मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला खाली एक भोक. ते भोक मुन्शीचं.

मुन्शी म्हणजे त्यांचा कुत्रा. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट, कुठे पांढरा केस शोधून मिळायचा नाही. काकी गेल्या त्या वर्षी गेटपाशी येऊन बसला आणि राहिला. काकाजी जुने कागद चाळत बसले की हा शेजारी पंजे जोडून बसायचा, म्हणून मुन्शी. काकी गेल्यावर त्या घरात काकाजींशी दिवसभर बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, हे मी रोज ऐकत होते. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जायची आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काय मुन्शीजी, आज काय म्हणता?"

मग त्या मुन्शीला खाज सुटली. साधी नाही. पंजे चाटून चाटून लाल, कानात पू, पोटाखालचे केस गेलेले, अंगाला वास. डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक खाण्याचीच ॲलर्जी आहे. ती ओळखायचा खात्रीचा उपाय एकच. त्याने जन्मात खाल्लं नसेल असं काहीतरी निवडायचं आणि आठ आठवडे फक्त तेच द्यायचं. दुसरा कणसुद्धा पोटात गेला तर पहिल्यापासून मोजायचं.

त्यात सुनेला दिवस गेलेले. दिवाळीच्या सुमाराला बाळ यायचं होतं. मुलाने सांगितलं, बाबा, दिवाळीपर्यंत बरा झाला तर ठीक, नाहीतर ओळखीच्यांचा फार्म आहे कोलार रोडच्या पुढे, तिथे सोडू. मुलगा वाईट नव्हता हो. घरात तान्हं येणार आणि कुत्रा जखमांनी भरलेला, कोणीही हेच म्हणालं असतं.

खाणं निवडायला काकाजी एमपी नगरच्या दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होते. माझ्या मुलाचा कोचिंग क्लास तिथेच, फी भरायची होती. दुकानदाराने माशाचं चित्र असलेली एक मोठी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, अंकल, ये प्योर फिशवाला है. काकाजींनी पिशवी पालथी पाडली, खिशातून भिंग काढलं आणि दहा मिनिटं वाचलं. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"मछली सातवें नंबर पर है," ते शांतपणे म्हणाले. "पहले मुर्गी है, फिर गेहूँ. फोटो मुर्गी का लगाओ ना भैया."

अशा त्यांनी तिथल्या एकूण एक पिशव्या पालथ्या पाडल्या. कशात कोंबडीची चरबी, कशात गहू, कशात दुधाची पावडर. मुन्शी तर घरचं पोळी-दूध आणि नाक्यावरच्या कोंबडीवाल्याने टाकलेल्या पायांवरच वाढलेला. शेवटी दुकानातून काहीच न घेता ते बाहेर पडले आणि सरळ मासळी बाजारात गेले. ज्या माणसाने अंड्याचं टरफल कधी हाताळलं नव्हतं तो रोहू घेऊन घरी आला. मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. नाकाला उपरणं बांधून मासे उकडायचे, काटे एकेक वेचायचे आणि रताळ्यात कालवून मुन्शीला घालायचे. कुंपणावरून मी चिडवायची, काकाजी, जात बाटली की! ते म्हणायचे, "परहेज मुन्शीचं आहे, माझं नाही." इथे पथ्याला परहेज म्हणतात.

आणि त्यांनी नोटीस काढली. खरीखुरी, टाइप केलेली, सरकारी हिंदीत. समस्त पड़ोसियों को सूचित किया जाता है कि मुन्शी का परहेज चल रहा है, कृपया कुछ भी न खिलाएँ. ती घेऊन ते घरोघर फिरले आणि प्रत्येकाकडून वाचल्याची सही घेतली. सगळी कॉलनी हसली. मीही हसले आणि सही केली.

आता माझं सांगते. माझा मुलगा राज्यसेवेच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेला. नवरा नाही, दुसरं मूल नाही, आणि हा पोरगा दार लावून भिंतीकडे बघत बसायचा. जेवायचा नाही. मंदिरातल्या पंडितजींनी शनीचा उपाय सांगितला. एकवीस शनिवार, पूर्ण काळ्या कुत्र्याला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल लावलेली गव्हाची पोळी, आपल्या हाताने. एक शनिवार चुकला तर सगळे वाया. मी विज्ञान शिकवते शाळेत. मुलांना सांगते, पुरावा मागा. पण पोटच्या पोराचं तोंड तसं झालं की कुठलं विज्ञान आणि कुठलं काय.

नोटीस आली तेव्हा मुन्शीला पोळी घालून नऊ शनिवार झाले होते. बारा उरले होते.

मी दुसरा काळा कुत्रा शोधला नाही असं नाही. शोधला. एकाचे पंजे पांढरे, एकाच्या छातीवर ठिपका. मग मनाशी म्हटलं, आठवड्यातून एक पोळी, तीही एवढीशी, तिने काय होतंय? कुत्र्याची जात, उकिरड्यावरचं खाऊन पचवते. शनिवारी सकाळी काकाजी अंघोळीला गेले की मुन्शी कुंपणाच्या भोकातून आपणहून यायचा. शेपटी हलवत. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

काकाजी रोजचं लिहून ठेवत. मुन्शीची नस्तीच उघडली होती म्हणा ना. किती खाजवलं, कान कसे, पंजे कसे. सहाव्या आठवड्यात ती घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, गुरुवार-शुक्रवारपर्यंत बरा दिसतो आणि रविवारी पुन्हा रक्त काढतो, हे काहून होत असेल? माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

"ताई, राग नका मानू. तुमच्या हातून काही जात नाही ना?"

"नाही हो काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की मला आजही त्याचाच जास्त राग येतो. आयुष्यभर प्रत्येक कागद उलटा करून पाहिलेला माणूस. माझा शब्द त्याने उलटा केला नाही. "मग माशातच खोट असेल," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मासे बंद करून बकऱ्याचं मटण आणि भगर सुरू केली. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीला सहाच उरले होते.

माझेही सहाच शनिवार उरले होते. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं, कळत होतं, आणि थांबले नाही. यावर आणखी काय बोलणार?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुन्शीला गाडीत घातलं. काकाजींनी त्याचं पातेलं बरोबर दिलं, आणि फार्मवाल्यांसाठी एक कागद, काय द्यायचं आणि काय नाही. दर रविवारी ते बस बदलून तिकडे जायचे, हातात स्टीलचा डबा. पहिल्या रविवारीच फार्मवाला म्हणाला, हम तो रोटी ही देते हैं, कुत्ता है. चौथ्या रविवारी साखळी तेवढी होती. पळाला, म्हणाले. तरीही काकाजी जात राहिले. कोलार रोडच्या नव्या कॉलन्यांमधून डबा घेऊन हाका मारत फिरायचे, असं त्यांच्या सुनेनेच मला सांगितलं, मांडीवर बाळ घेऊन, रडत.

संक्रांतीनंतर निकाल लागला. माझा मुलगा निवडला गेला. कॉलनीभर पेढे वाटले. काकाजी आपणहून आले, मुलाला भेटायला. तो घरात नव्हता. मी पेढे आणायला आत गेले आणि परत आले तर ते देव्हाऱ्याजवळ उभे होते, हातात सरसोंच्या तेलाची छोटी बाटली. सवयीने उचलली असणार, सवयीने उलटी केली असणार. मागची बाजू वाचत होते.

आपल्या मराठी घरात हे तेल कोण वापरतं? दिव्यात तिळाचं, कढईत शेंगदाण्याचं. त्यांनी बाटली बघितली, मग देव्हाऱ्यातला शनीचा फोटो बघितला, मग मला. चष्मा कपाळावरच होता.

"शनिवारी?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. पेढ्याची ताटली हातात तशीच.

"मी विचारलं होतं तुम्हाला, ताई."

आवाज चढला नाही. चढायला हवा होता. चार शिव्या दिल्या असत्या, नोटिशीवरची माझी सही तोंडावर मारली असती, तर मला कुठेतरी रडता आलं असतं. त्यांनी बाटली होती तिथे, होती तशी ठेवली. त्या दिवशी त्यांनी पेढा घेतला नाही असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी घेतला. उभ्याउभ्या खाल्ला, पाणी मागितलं नाही, मुलाला आशीर्वाद सांगा म्हणाले आणि गेले.

पुढे त्यांच्या मुलाने कोलार रोडलाच फ्लॅट घेतला. सामान गेलं त्या दिवशी मी शाळेत जास्तीचा तास घेतला. दीड वर्षाने काकाजी गेल्याचं कळलं. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

मुलगा आता जिल्ह्याच्या गावी साहेब आहे. सुखात आहे, जेवतो. आईच्या व्रताचं फळ असं चार लोकांत सांगतो, आणि मी त्याला गप्प करत नाही, कारण मग का ते सांगावं लागेल.

परवा मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या मुलीचं परीक्षेत तिसऱ्यांदा राहिलं. म्हणाल्या, तुम्हाला फळलेला तो उपाय मलाही सांगा ना, कायकाय लागतं?

काळा कुत्रा लागतो, मी म्हटलं. इथे एक होता. त्याला गहू सोसत नव्हता.