सिस्टरांनी कूलंट बदललं

गाडीजवळ गेल्या की सिस्टर आधी बोनेटवर उलटा हात ठेवायच्या, आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा. मग म्हणायच्या, “हात लावल्याबिगर औषध न्हाई.” हे वाक्य आमच्या अख्ख्या गल्लीच्या तोंडी बसलं होतं.

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या गावांत नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, नगरला आमच्या शेजारी राहायला आल्या आणि सगळ्यांच्याच सिस्टर झाल्या. माझं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे त्यांच्या फाटकावर माझी आयतीच नजर. तुमच्याही गल्लीत असा एक शिंपी असेलच, हात मशीनवर आणि कान शेजारी.

निवृत्तीनंतर त्या गाडी शिकल्या आणि एक जुनी गाडी घेतली. कशासाठी, ते आम्हाला पाठ होतं. भंडारदऱ्याच्या वर एका वाडीत एक म्हातारी सुईण राहायची. दोघींनी मिळून कितीतरी बाळंतपणं केलेली. आता म्हातारीची नजर गेली होती आणि तिला दुसरं कोणी नव्हतं. सिस्टर दर महिन्याला तिच्याकडे जात. एसटीच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, म्हणजे गाडी नाही तर भेट नाही.

नेमकी तीच गाडी घाटात तापायला लागली. दुसऱ्यांदा वाफ निघाली तेव्हा पुण्याच्या मुलाने फोनवर निकाल दिला, “आई, अजून एकदा तापली की गाडी विकायची.” त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत, असं माझी बायको म्हणाली.

गॅरेजवाला म्हणाला, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदलायला झालंय. पण उसाचा हंगाम, त्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग. सिस्टरांनी स्वतःच मोबाईलवर बघून घेतलं आणि रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, कपडे धुवायचा टब गाडीखाली सरकवला. “शेखभाऊ, या मदतीला.”

मदतीला म्हणजे उभं राहायला. सुईहून मोठं हत्यार माझ्या हाताला मानवत नाही.

त्यांनी रेडिएटरची खालची तोटी सोडली आणि जुन्या चहासारखं तांबडं पाणी आलं. सिस्टर चष्मा वर करून ते निरखत बसल्या. “बघा. कमी झालं की मी आपलं बोअरचं पाणी ओतत गेले. त्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर बसतो, मग आत बसणार न्हाई व्हय?”

तेवढ्यात आमचं मांजर टबाकडे निघालं. सिस्टर हात पसरून आडव्या झाल्या. “हाकला हो त्याला! हे गोड लागतं म्हनं जनावराला, आन् जीव घेतं.” ते पाणी त्यांनी कॅनमध्ये भरलं, झाकण घट्ट लावलं आणि वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहिलं.

मग बॅटरीत घालतात त्या पाण्याने आतून धुणं झालं. नरसाळ्याने हिरवंगार कूलंट काठोकाठ भरून झाकण लावलं. सिस्टर ऐटीत चक्कर मारायला निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली थांबल्या. मी धावत गेलो. तापमानाचा काटा वर चढला होता.

“गेली, शेखभाऊ. गेली माझी गाडी.” त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. माझाही जीव तुटला. मी पाण्याची बाटली दिली, त्यांना, गाडीला नव्हे.

गाडी पुरती थंड होईपर्यंत दोघं तिथेच बसलो. मग त्यांनी झाकण काढलं. काठोकाठ भरलेलं कूलंट चांगलंच खाली गेलं होतं. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! हवा! सलाईन लावताना नळीतली हवा आधी काढा, म्हणून जन्मभर पोरींवर वराडले, आन् आज मीच इसरले.”

पुन्हा भरलं. आता झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं. बुडबुडे वर येत, कूलंट खाली बसे, की सिस्टर अजून थोडं ओतत. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. काटा मधोमध येऊन उभा राहिला तो हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच निघाल्या. दुपारपर्यंत मी एका सदऱ्याची काजं उलट्या बाजूला करून बसलो होतो. मग सिस्टरांचा फोन आला, पण आवाज म्हातारीचा. “शिंपीदादा, आल्या बरं का सिस्टर. गाडी तापली न्हाई. आता म्या काय लवकर सोडती व्हय त्यान्ला?”

तिने खरंच सोडलं नाही. सिस्टर आता वाडीतच राहतात, आणि आमच्या शेजारचं फाटक कुलपात असतं. मला अजून सवय होत नाही.

परवा मुलगा आईचं कपाट न्यायला आला होता. मी भीतभीतच गाडीचं विचारलं.

“विकायचं नावच काढू नका, चाचा,” तो म्हणाला. “वाडीतली एक बाई बाळंतपणात अडली होती. काल पहाटे आईनेच तिला घाट उतरवून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.”

तो कपाट टेम्पोत चढवून गेला. मी हातातली विजार बाजूला ठेवली, मऊ कापडाचा एक तुकडा शोधला आणि झबलं बेतायला घेतलं.